शेवटचं पाणी शेपटाकडून

आबा चारीच्या काठावर थांबले, कंबरेत वाकले आणि फावड्याच्या तीन ओढींत डोंगराकडच्या शेताचं तोंड फोडलं. पाणी गव्हात शिरलं. त्याच्या अगदी समोर, चारीच्या माझ्या बाजूला, नदीकडच्या शेताचं तोंड मातीनं बुजलेलं होतं. मी शिंदीच्या बेटामागं उकिडवा बसून बघत होतो. म्हटलं, आता वळतील, आता इकडे फावडं घालतील. आबांनी बिडी पेटवली, पाणी नीट चाललंय का ते पाहिलं आणि फावडं खांद्यावर टाकून पुढे निघाले.

हे सातवं तोंड होतं. सातही वेळा तेच झालं होतं. डोंगराकडचं फोडायचं आणि नदीकडचं सोडून द्यायचं.

मी तेव्हा एस.टी.त तपासनीस होतो. आडरस्त्याला गाडी थांबवायची, आत चढायचं, कंडक्टरच्या आणि प्रवाशांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायची. लबाड माणूस मला वासावरून कळतो, अशी माझी खात्री होती. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी पुजाऱ्याचे हात बघत बसता. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या सकाळी मी स्वतःच्या बापाचे हात बघत होतो.

तेवढ्यात धूळ नाकात गेली आणि मला शिंक आली. चांगली दणदणीत. आबा थबकले. मी मनात म्हटलं, संपलं, सापडलो. बारा पावलांवर मी, अंगात पांढरा शर्ट, आणि ते बेट असं विरळ की शेळीसुद्धा त्यात लपायची नाही. आबांनी मान वळवली ती डोंगराकडे. तिकडे कुणी नव्हतं.

"कोण रे?" त्यांनी त्या रिकाम्या रानाला विचारलं. मग जरा वेळ ऐकत उभे राहिले आणि चालू लागले.

मला इतका संताप आला की मी उठून उभाच राहिलो. सरळ उघड्यावर, बांधावर. आबा माझ्यासमोरून गेले आणि त्यांनी डोळा म्हणून इकडे वळवला नाही. मी मनात हात जोडले. बारा वर्षं सराईत लोक पकडले, पण असा निगरगट्टपणा पाहिला नव्हता.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटातून शेतांमधून जाणारी चारी. चारीच्या दोन्ही अंगांना मिळून साठ शेतं, तीस नदीकडे, तीस डोंगराकडे. या साठांचा मिळून आमचा फड. सगळ्या फडात एकच पीक, त्या साली गहू होता. आणि पाण्याला हात लावायचा तो एकाच माणसानं, पाटकऱ्यानं. शेतकऱ्यानं स्वतःच्या शेताचं तोंडसुद्धा फोडायचं नाही. फोडलं तर पंचांपुढे उभं राहावं लागे. आमचा पाटकरी म्हणजे माझे आबा, लोटन. त्यांना स्वतःचं शेत नव्हतं, म्हणून तर ते या कामाला निवडले गेले. एकतीस वर्षं त्यांनी फडाला पाणी पाजलं आणि एकतीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

बोट दाखवलं ते धुडकू भामऱ्यांनी. धुडकूतात्यांचं शेत नदीकडच्या रांगेत. ते तडक धुळ्याच्या डेपोत आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि चहा नको म्हणाले. आमच्याकडे चहा नाकारला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

"पंडित, बापाला आवर," ते म्हणाले. "गेल्या दोन पाळ्या माझ्या गव्हाला पाणी नाही. विचारलं तर म्हणतो, दिलं. जमीन तडकलीय आणि हा म्हणतो, दिलं!"

"एखादं शेत चुकलं असेल, तात्या."

"एक? सगळी नदीकडची रांग कोरडी आहे. दोघंतिघं सोडून. माझ्या बांधाशेजारच्या सुखाचा पोरगा तुझ्या बापासमोर जाऊन उभा राहिला, हाका मारल्या, तमाखू दिली, त्याला पाणी मिळालं. म्हणजे आता आम्ही पण तमाखू द्यायची का? आणि डोंगराकडं बघ. एक वाफा कोरडा नाही. तुझी बहीण तिकडं दिलेली आहे, हे मी सांगायला पाहिजे का?"

ते खरं होतं. माझी बहीण लता डोंगराकडच्या रांगेतल्याच एका घरात दिली होती. तात्या गेले आणि मी चार दिवसांची रजा टाकली. बापाची बाजू घ्यायला निघालो होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण एस.टी.त बसल्या बसल्या डोक्यात पुरावे जुळायला लागले. सवयच तशी.

घरी माय वेगळ्याच काळजीत होती. तिनं मला चुलीपाशी बोलावून घेतलं. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मी साध्या मराठीत सांगतोय.

"तुझा बाप अर्धी भाकरी टाकतो," ती म्हणाली.

"भूक नसेल."

"भूक नसेल तर परत मागतो कशाला? ताटात अर्धी भाकरी पडलेली असते आणि मला म्हणतो, अजून एक वाढ. मी म्हणते, ही काय पुढ्यात आहे ती खा. तर माझ्याकडंच रागानं बघतो. पोरीकडं काहीतरी चांगलंचुंगलं खाऊन येत असेल. माझ्या हातची गोड लागत नाही आता." तिनं पदरानं डोळे पुसले. "दाढी पण अर्धीच करतो. लोक हसतात. मी बोलले तर म्हणतो, केली की. तुला सांगते, पंडित, हा माणूस आपल्याला खिजवतोय."

म्हणजे घरातही खोटं आणि रानातही खोटं. मी ते मनात टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदीमागं जाऊन बसलो आणि जे पाहिलं ते वर सांगितलं.

दुपारी आबा घरी आले. येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. चौकटीवर वैतागले, पाय धुतले आणि ओट्यावर बसले. मी समोर जाऊन बसलो.

"आज कुठवर पाणी झालं, आबा?"

"मधल्या वळणापर्यंत."

"दोन्ही रांगा?"

"मग? एक रांग भिजवून कुणी घरी येतं का?"

"धुडकूतात्यांचं शेत?"

"भरलं की. सकाळीच."

खोटं बोलणारा कंडक्टर उत्तर देण्याआधी पिशवीकडे बघतो. तिकीट नसलेला प्रवासी खिसे चाचपतो. आबांनी काही केलं नाही. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, स्वच्छ, शांत चेहऱ्यानं ते खोटं बोलले. मला भीतीच वाटली त्यांची. लहानपणी शेजारच्या मळ्यातली दोन ढेमसं आणली म्हणून याच माणसानं मला भर दुपारी ती परत ठेवायला पाठवलं होतं.

"आबा, काही असेल तर मला सांगा. मी बघतो काय करायचं ते."

"काय असणार?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "धुडकू भेटला वाटतं तुला."

एवढंच. मी उठलो. माझ्या लेखी कबुली मिळाली होती.

संध्याकाळी बंधाऱ्याजवळच्या चिंचेखाली फडाची बैठक बसली. पंचांचे म्होरके आधारनाना, सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. ते डोंगराकडचे, त्यामुळे नदीकडच्यांचा त्यांच्यावरही डोळा. दोन्ही रांगांची माणसं दोन बाजूंना बसली होती. आबा मधे, फावडं आडवं मांडीवर घेऊन.

धुडकूतात्यांनी तक्रार मांडली. आबा म्हणाले, "मी दिलं." तात्या म्हणाले, नाही दिलं. असं दोनचारदा झालं. मग तात्यांनी माझ्याकडे हात केला.

"याला विचारा. सरकारी तपासनीस आहे. आज सकाळी शिंदीमागं बसून यानं सगळं पाहिलंय. मी याला तिथून उठताना बघितलं."

मी नाही म्हणू शकलो असतो. आज इतक्या वर्षांनी वाटतं, तेवढं एक खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण तेव्हा मला माझ्या खरेपणाचा मोठा तोरा होता. सबंध गाव ऐकत होतं. मी उभा राहिलो.

"सात तोंडं मी मोजली," मी म्हणालो. "सातही ठिकाणी आबांनी डोंगराकडचं फोडलं. नदीकडच्या एकालाही हात लावला नाही. मी समोर बांधावर उभा राहिलो, तरी मला न पाहिल्यासारखं करून पुढे गेले."

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोडं पडलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि मला ते अभिनयच वाटलं.

"तू तिथं होतास?" त्यांनी हळू विचारलं.

"होतो."

"शिंदीमागं? नदीकडं?"

"हो."

"काय करत होतास?"

मी खाली बसलो. आधारनानांनी घसा साफ केला.

"एक पाळी उरलीय," ते म्हणाले. "शेवटचं पाणी. ते लोटनच देईल. सगळे बघायला येतील. दोन्ही रांगा भिजल्या तर तक्रार माघारी. एक जरी रांग कोरडी राहिली तर लोटननं फावडं खाली ठेवायचं, आणि बेइमानी केली असं वहीत लिहायचं. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले. नानांनी बेइमानी हा शब्द उच्चारला तेव्हा आबांची मान खाली गेली होती. त्या चार दिवसांत मला त्यांची तेवढी एक गोष्ट खरी वाटली.

आता आमच्या फडाची एक रीत सांगायला हवी. एरवी पाण्याची पाळी वरून, बंधाऱ्याकडून सुरू होते आणि शेपटाकडे उतरत जाते. त्यामुळे शेपटाच्या शेतांना पाणी नेहमी सगळ्यांत शेवटी. त्यांची भरपाई म्हणून हंगामातलं शेवटचं पाणी उलटं सुरू करायचं. पाणी थेट शेपटापर्यंत जाऊ द्यायचं आणि पाटकऱ्यानं खालून वर, बंधाऱ्याच्या दिशेनं तोंडं फोडत यायचं.

शेवटच्या पाळीला मी पुन्हा रजा काढून आलो. त्या सकाळी सगळा फड शेपटाशी जमला. ओंब्या भरत आल्या होत्या. हे पाणी चुकलं असतं तर दाणा पोचट झाला असता. नदीकडचे नदीकडच्या बांधावर, डोंगराकडचे डोंगराकडच्या. मी आबांच्या मागं दहा पावलांवर. लताचा सासरा माझ्याकडे बघून थुंकला. आपल्याच बापावर साक्ष देणारा पोरगा त्यालाही नको होता.

आबांनी चारीला हात लावून कपाळाला पाणी लावलं, आणि पहिलं तोंड फोडलं. नदीकडचं.

नदीकडच्या बांधावर कुजबुज उठली. आबा पुढे निघाले. दुसरं तोंड, नदीकडचं. तिसरं, नदीकडचं. डोंगराकडची तीनही बुजलेलीच राहिली.

"घाबरला!" धुडकूतात्या ओरडले. "पोरानं पकडला म्हणून आता आम्हाला पाजतोय!"

"फितला!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "रातोरात फितला! आमच्या गव्हाचं काय?"

चौथं. पाचवं. सहावं शेत लताच्या सासऱ्याचं होतं, डोंगराकडच्या रांगेत. म्हातारा स्वतः बांधावर उभा. ज्या शेतापायी हे सगळं रामायण घडलं त्या शेताच्या तोंडापाशी आबा आले, समोरचं नदीकडचं तोंड फोडलं, बिडी पेटवली आणि पोरीच्या सासऱ्याच्या समोरून तसेच पुढे गेले. व्याह्यानं हाक मारली तर आबांनी मान वळवली ती नदीकडे. तिथं धुडकूतात्या उभे होते.

माझ्या डोक्यातले पुरावे ढासळले. पक्षपात करणारा माणूस आपल्या पोरीचा गहू जाळत नाही. भ्यायलेला माणूस अशी निवांत बिडी ओढत नाही. मी त्या सहाव्या तोंडापाशी गुडघे टेकून बसलो. दोन्ही हातांनी माती चाचपली. कुणी फोडून परत बुजवलंय का, हे बघायचं होतं. माती जुनी, घट्ट होती. तिला कुणाचं फावडं लागलेलं नव्हतं.

"आबा!" मी ओरडलो. "मागं फिरा!"

आबा जागच्या जागी गर्रकन वळले. आता त्यांचं तोंड माझ्याकडे, शेपटाकडे. आणि मी पाहिलं की त्यांना दिसलं. डोंगराकडची ती सगळी बुजलेली तोंडं त्यांना आत्ता, पहिल्यांदा दिसली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. फावडं हातातून निसटलं.

"हे कुणी बुजवलं?" ते म्हणाले. मग मोठ्यानं, सगळ्या फडाला ऐकू जाईल असं, "हे कुणी बुजवलं माझ्या मागनं?"

आबांची नजर त्या तोंडांवरून माझ्यापर्यंत आली. मी अजून गुडघ्यांवरच होतो, मनगटापर्यंत हात चिखलानं भरलेले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि गप्प झाले. खाली वाकून फावडं उचललं आणि ती सहा तोंडं एकामागून एक फोडून दिली. आता नदीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मी आधारनानांजवळ गेलो. "नाना, ही नदीची नि डोंगराची भानगड नाही," मी म्हणालो. "तेव्हा ते वरून खाली येत होते, नदी डाव्या हाताला होती. आज खालून वर जातायत, डोंगर डाव्या हाताला आहे. यांची डावी बाजूच जातेय."

"जातेय म्हणजे?"

"मला तरी काय कळतंय? मला चार दिवस द्या."

नानांनी चार दिवस दिले. उरलेलं पाणी सगळ्या फडानं मिळून आबांना मधे घेऊन दिलं, एकमेकांवर डोळा ठेवून.

नाशिकला डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. त्यानं आबांपुढे एक कागद ठेवला, कागदभर छोट्या छोट्या रेघा मारलेल्या, आणि म्हणाला, प्रत्येक रेघ खोडा. आबांनी पेन्सिल घेतली आणि मन लावून उजव्या अर्ध्या कागदावरच्या रेघा खोडल्या. एक सोडली नाही. मग पेन्सिल खाली ठेवली. "झालं," म्हणाले. डावीकडचा अर्धा कागद तसाच होता.

डॉक्टरनं मला बाहेर नेलं.

"डोळे उत्तम आहेत त्यांचे," तो म्हणाला. "पण वयानं आणि वाढलेल्या रक्तदाबानं मेंदूच्या रक्तवाहिन्या ताठ झाल्यात. उन्हात पडून रबरी नळी कडक होते ना, तशा. बिडीनं भर घातली. आतून चिंचोळ्या झाल्या आणि दोनचार ठिकाणी रक्त पोचायचंच थांबलं. लहान लहान झटके येऊन गेलेत, कदाचित झोपेतसुद्धा. ही उजव्या मेंदूची जागा डाव्या बाजूची दखल घेते. ती मेली. त्यांच्यासाठी जगाला डावी बाजूच उरली नाही."

"मग त्यांना जाणवत कसं नाही?"

"तुमच्या डोक्यामागं काय आहे हे दिसत नाही म्हणून तुम्हाला रोज चुकल्यासारखं वाटतं का? तसंच ते. उलट डावीकडचं काही हरवलं की त्यांना वाटणार, कुणीतरी घेतलं. त्यावर वाद घालू नका. पटणार नाही. जेवताना ताट अर्धवट राहिलं तर फिरवून द्या."

अर्धी भाकरी, अर्धी दाढी, चौकटीला आपटलेला खांदा. सगळं पुढ्यात होतं आणि मी, बारा वर्षांचा तपासनीस, माणूस खोटं बोलतोय की नाही एवढंच बघत बसलो होतो. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडलो. आबा आत बाकावर बसून होते, मला शोधत नव्हते. परतीच्या गाडीत मी त्यांना सगळं समजावलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ऐकून घेतलं, हं म्हणाले.

चौथ्या दिवशी पुन्हा चिंचेखाली बैठक बसली. माझ्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी आणि बगलेत तो मोठा काळा फोटो. मी ठरवून गेलो होतो, माझी साक्ष मीच खोडून काढायची. आधारनानांनी मला बोल म्हणून खूण केली आणि मी उठणार तोच आबा उभे राहिले.

"आधी मी बोलतो," ते म्हणाले. "पाणी मी दिलं नाही. नदीकडचं मी मुद्दाम सोडलं. शेवटच्या पाळीला डोंगराकडचं पण मीच सोडलं. मनात आलं, केलं. मी बेइमानी केली. वहीत लिहा. पण माझ्या पोराला यात काही विचारायचं नाही."

"नाना, ऐकू नका!" मी ओरडलो. "हे आजारी आहेत. हा बघा फोटो, ही चिठ्ठी. यांना डावीकडचं..."

"कागद आणला चेकरसाहेबानं," धुडकूतात्या म्हणाले. "माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय. आता कागद कशाला?"

नानांनी फोटो उजेडाला धरला, उलटासुलटा केला. त्यांना त्यात काय दिसणार? त्यांनी आबांना विचारलं, "लोटन, हा पोरगा म्हणतो ते खरं का? तुला दिसत नाही?"

"मला सगळं दिसतं," आबा म्हणाले.

फावडं त्यांनी स्वतः नानांपुढे ठेवलं. वहीत शब्द लिहिला गेला. आबा त्यानंतर चार वर्षं जगले. मधे मधे एकेक झटका यायचा आणि ते एकेक पायरी खाली उतरायचे. पण गावाच्या लेखी ते आजारी कधी ठरलेच नाहीत. आजही पाण्यावरून कुणात वाजलं की कुणीतरी लोटन पाटकऱ्याचं नाव काढतंच. एकतीस वर्षांचं इमान एका वाक्यात गेलं, आणि ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. का बोलले, हे मला त्याच दुपारी कळलं.

आम्ही दोघं पाटाच्या कडेनं घरी चाललो होतो. मी त्यांच्या उजव्या हाताला. आबा दमले, दगडावर बसले. आजूबाजूला कुणी नाही याची त्यांनी खात्री करून घेतली. त्यांच्या परीनं.

"आता तुला कुणी विचारणार नाही," ते म्हणाले.

"मला? मला काय विचारायचंय?"

"मी तुझे हात पाहिले, पंडित. माती होती."

मला क्षणभर अर्थ लागेना. मग लागला.

"आबा, मी बुजवत नव्हतो. तोंड फोडलंय का ते चाचपत होतो."

"साठ तोंडं मी माझ्या हातानं फोडली. दर पाळीला. ती आपोआप कशी बुजतील? शिंदीमागं होतो हे तूच सांगितलंस पंचांना. मी पुढे गेलो की तू मागनं बुजवत यायचास." त्यांचा आवाज चढला नव्हता. लहान पोराशी बोलावं तसे ते बोलत होते. "आधीच्या पाळ्यांना पण येऊन जात असशील. मला कळलं नाही."

"डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं ना तुम्हाला? डाव्या बाजूला..."

"डॉक्टरला मी काही बोललो नाही. तुझ्या मायला पण सांगणार नाही. सरकारी नोकरी आहे तुझी, दोन लेकरं आहेत. पंचांनी तुला धरलं असतं तर पार डेपोपर्यंत गेलं असतं. माझं काय, माझं वय झालं. धुडकूनं तुला काय सांगून फितवलं, ते मी विचारणार नाही. पण परत कुणाचं पाणी तोडू नको, बाबा. पिकाचं काय चुकलं होतं?"

मी पुन्हा सांगायला गेलो. कागदावरच्या रेघा, फोटो, सगळं. सांगता सांगता बघितलं तर ते माझ्या तोंडाकडे घाबरून बघत होते, पोरगा अजूनही खोटंच बोलतोय म्हणून. मी थांबलो. यांनी मला चोर समजून पदरात घेतलं होतं. मी यांना चोर समजलो तेव्हा सगळा फड ऐकत होता.

"चुकलो, आबा," मी म्हणालो. "पुन्हा नाही करणार."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि त्या आधारानं उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "माय वाट बघत असेल."